एक लिटर जास्तीचं

दि. २ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खळीला बुरशी धरते, पुठ्ठे होडीसारखे वाकतात आणि बांधणीला आलेली वाचनालयाची एकशेवीस जुनी रजिस्टरं तुझ्या बाहेरच्या खोलीत ओल पीत बसली आहेत, हे वाचून मी गप्प बसलो असतो तर तुझा भाऊ कसला. आमच्या प्रयोगशाळेत सध्या घरगुती डीह्युमिडिफायरची तपासणी चालू आहे. दहा यंत्रं दहा घरांत सहा आठवडे वापरून बघायची आहेत. दहावं घर म्हणून मी तुला न विचारता तुझं नाव लावून टाकलं. रागवायचं असेल तर यंत्र आल्यावर रागव.

काम सोपं आहे. हवेतलं पाणी यंत्र ओढून घेतं आणि खालच्या टाकीत सोडतं. रोज सकाळी टाकी ओतताना पाणी किती निघालं ते मापाने मोजायचं. सोबत एक छोटं घड्याळासारखं आर्द्रतामापक पाठवतोय. ते तासातासाचे आकडे लक्षात ठेवतं. प्लगला लावायचा मीटरही आहे, वीज किती गेली ते त्यावर कळेल. बाकी बटणं कशी वाटतात, टाकी काढायला सोपी आहे का, आवाज किती, हे तुझ्या शब्दांत लिही. तुझे शब्द सौम्य करायचं काम मी करीन.

हे सगळं फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. मागच्या वेळी मी पाय मोडल्याचं सांगितलं आणि तू पाऊस इथेही आहे म्हणालीस. प्लॅस्टर अजून सात आठवडे आहे. यंत्राच्या नळीतच पाय अडकून पडलो हे ऑफिसात सगळ्यांना कळलंय, त्यामुळे सहानुभूती कोणाकडूनच नाही.

तब्येतीला जप. लोभ आहे तसाच ठेव, हवेसारखा कमीजास्त होऊ देऊ नकोस.

तुझा
मापाड्या


दि. १० जुलै

चि. मापाड्यास,
अ. उ. आ. वि. वि.

यंत्र आलं. हमालाने ते दारात ठेवलं आणि हे कपाट की पेटी असं विचारलं. मी त्याचं नाव अगस्ती ठेवलं आहे, कारण पहिल्याच दिवशी त्याने बाहेरच्या खोलीतून साडेतीन लिटर पाणी प्यायलं, म्हणजे भरली टाकी. दुसऱ्या दिवशी तीन, मग अडीच, आणि आज दीड. खळ आता दोन तासांत वाळते. पुठ्ठे ताठ राहतात. एवढ्यासाठी तुझे सगळे गुन्हे माफ.

आता तक्रारी. चाकं चांगली आहेत, पण उंबरठ्यावर अडतात. टाकीचं हँडल आतल्या बाजूला वळतं, म्हणून भरलेली टाकी नेताना पायावर पाणी सांडतंच. ज्याने ते बनवलं त्याने स्वतः टाकी कधी ओतलेली नाही. बटणांवरची चित्रं मुंगीएवढी आहेत. जाळी मात्र सहज निघते आणि नळाखाली धुता येते. आवाजाचं मत माझ्याकडून घेऊ नकोस. कानातलं यंत्र घालूनही मला ते ऐकू येत नाही, वर हात ठेवला की मांजराच्या पाठीसारखं थरथरतं एवढंच. टाकी भरली की ते शिट्टी वाजवतं म्हणे. मी आपली तांबडा दिवा बघते.

घराचं तू विचारलं होतंस. इथे येऊन तीन महिने होतील. पुढे माझी कामाची खोली, मध्ये झोपायची, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. झोपायच्या खोलीला वर फळ्यांचं छत आहे आणि त्याच्यावर बुटका माळा. तिथे मालकीणबाईंचं सामान आहे म्हणून त्यांच्या पुतण्याने बाहेरच्या जिन्याकडून कुलूप घातलं आहे. बाई कुठल्याशा वृद्धाश्रमात असतात असं तो म्हणाला. घर शांत आहे. आता मला ते काय कळणार म्हणा.

परवा एक गंमत झाली. पुढच्या दाराची किल्ली दिवसभर शोधली आणि ती खळीच्या भांड्यात सापडली, खळीसकट. हसले खूप.

पायावर जोर देऊ नकोस. तुझ्या बायकोला आशीर्वाद. तुम्हा दोघांची आठवण रोज काढते, ती उधारीत धरू नका.

तुझी
ताई


दि. १३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचलं. हँडलवरचं तुझं वाक्य जसंच्या तसं अहवालात जाणार आहे. आमच्या साहेबांनी तर बाकीच्या नऊ घरांनीही असंच लिहावं असा आदेश काढला.

तुझे आकडे अगदी शहाण्यासारखे आहेत. आधी भिंती, लाकूड, कागद यांच्यातली मुरलेली ओल निघते, म्हणून सुरुवातीला पाणी भरमसाट येतं आणि मग उतरत जातं. नुसत्या हवेत काही फार नसतं. तुझ्या एका खोलीतली सगळी दमट हवा पिळली तरी दोन-तीन पेलेच निघतील.

आता अगस्तीला आठवडाभर झोपायच्या खोलीत हलव. कागद नसलेल्या खोलीत तो कसा वागतो ते बघायचंय. तिथे पाणी लवकर उतरून अर्ध्या लिटरच्या आसपास थांबेल असा माझा अंदाज आहे. इथे तेवढ्याच आकाराच्या रिकाम्या बंद खोलीत रोज साडेतीनशे मिलिलिटर येतं.

किल्लीवर हिला हसू आलं नाही. मला आलं. तू जेवणखाण वेळेवर करतेस ना, एवढं लिही. आशीर्वाद असू दे, प्लॅस्टरच्या आत खाज येते त्यावर तोच एक उपाय उरलाय.

तुझा
मापाड्या


दि. २३ जुलै

चि. मापाड्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा अंदाज चुकला. झोपायच्या खोलीत आठ दिवस झाले आणि पाणी उतरायला तयार नाही. दोन लिटर, एक आठशे, एक आठशे, एक नऊशे. खिडक्या लावलेल्या असतात, कपडे मी मागच्या अंगणात वाळत घालते, नळ त्या भिंतीत नाही. गवंड्याला बोलावून भिंत ठोकून घेतली. तो म्हणाला भिंत ठणठणीत कोरडी आहे.

आता जे लिहिते ते लिहिणार नव्हते. मंगळवारी रजिस्टरांचा पहिला गठ्ठा पोचवायला वाचनालयात गेले आणि रात्र तिथल्या ग्रंथपालबाईंकडे काढली. आदल्या दिवशी ओतली नव्हती म्हणून निघताना टाकी काठोकाठ होती, तांबडा दिवा लागला होता. गाडी चुकेल म्हणून तशीच ठेवून गेले. टाकी भरली की यंत्र आपोआप बंद होतं, हे तुझ्या पुस्तिकेतच आहे. बुधवारी संध्याकाळी परत आले तर हिरवा दिवा. यंत्र चालू, टाकीत जेमतेम पेलाभर पाणी. मीटर बघितला. मधले काही तास यंत्र चालत होतं. कुलूप जसंच्या तसं होतं.

म्हणजे मीच ओतली असणार आणि मला आठवत नाही. डब्यातले दोन पाव कमी आहेत, तेही मीच खाल्ले असणार. घडी दाबायची माझी हाडाची पट्टी, जी तीस वर्षांत टेबलावरून हलली नाही, ती पिठाच्या डब्यात निघाली. काल एका रजिस्टराच्या पानांचे फर्मे उलटसुलट लागले, सोळा पानांनंतर एकदम अठ्ठेचाळीस. असं माझ्या हातून शिकाऊ असतानाही झालं नव्हतं. शिवण उसवून पुन्हा घातली.

आईचं सुरुवातीला असंच झालं होतं. तिने सुया मिठात ठेवल्या होत्या, आठवतं का तुला. आपण दोघं हसलो होतो.

तू यावर काही लिहू नकोस. आकडे तेवढे टिपून घे. तुमच्या दोघांवर माया आहे आणि ती नीट आठवते आहे.

तुझी
ताई


दि. २७ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

हिचं म्हणणं असं की तू काम आटोपून काही दिवस इकडे यावंस. वरची खोली रिकामी आहे, तुझी प्रेस आणि पुठ्ठे मावतील. मी तिला सांगितलं की ताईला असं सुचवलं तर ती मला उभा चिरेल. तरीही सुचवतोय. आणि एक गोष्ट खोटं न बोलता विचारतो. शेजारच्या शिंप्याच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं तू मे महिन्यात दोन पत्रांत लिहिलं होतंस, जवळजवळ त्याच शब्दांत. तेव्हा मी काही बोललो नाही. डॉक्टरकडे जाऊन येशील का?

पण पाण्याचं मला पटत नाही. तू विसरलीस तर टाकी रिकामी होईल, हे मान्य. विसरण्याने टाकी भरत नाही. रोज एक लिटरहून जास्त पाणी त्या खोलीत कुठून तरी येतंय. तू झोपतेस तेव्हा तुझ्या श्वासातून आणि अंगातून चारशे मिलिलिटर येईल, ते धरूनसुद्धा हिशोब जमत नाही.

म्हणून एक प्रयोग कर. पुढच्या वेळी वाचनालयात दोन दिवसांसाठी जाशील, तेव्हा अगस्ती आणि आर्द्रतामापक झोपायच्या खोलीत ठेव. टाकी ओतून कोरडी कर. खिडक्यांच्या आणि दाराच्या फटींवर तुझी डिंकाची कागदी पट्टी चिकटव आणि तिच्यावर पेन्सिलीने सही कर. आल्यावर आधी सह्या बघ, मग पाणी मोज, मग मापकातले तासातासाचे आकडे उतरवून पाठव.

रागावलीस तरी पत्र लिही. अबोला धरलास तर लंगडत येईन.

तुझा
मापाड्या


दि. ५ ऑगस्ट

चि. मापाड्यास,
अ. उ. आ.

तुझ्या वरच्या खोलीबद्दल मी काही बोलत नाही. तिला माझे आभार सांग आणि खोलीत कांदेबटाटे ठेवा. डॉक्टरकडे गेले होते. त्याने मला वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले आणि वयाच्या मानाने ठीक आहे असं सांगितलं. वयाच्या मानाने हे शब्द तो न बोलता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

प्रयोग केला. शुक्रवारी सकाळी नऊला निघाले, रविवारी सकाळी नऊला आले. खिडक्यांच्या पट्ट्या अखंड. दाराची अखंड. सहा सह्या, सहाही माझ्या.

टाकीत दोन लिटर सातशे मिलिलिटर पाणी होतं. तीनदा मोजलं.

मी घरात नव्हते, मापाड्या. कोणीच नव्हतं. खोली कागदाने बंद होती आणि दोन दिवसांत तिच्यात पावणेतीन लिटर पाणी आलं.

तासांचे आकडे वेगळ्या कागदावर लिहिले आहेत. मी ते बघत बसले आणि मला ते बरं वाटलं नाही. दोन्ही दिवशी आर्द्रता सत्तावन्न-अठ्ठावन्नवर अडून बसते, यंत्र ओढत असूनही. फक्त दुपारी बाराच्या सुमारास ती उतरायला लागते, एकला बावन्नपर्यंत येते आणि मग परत चढते. शुक्रवारी तसंच, शनिवारीही तसंच. तू हुशार आहेस, तूच सांग हे काय आहे.

हल्ली त्या खोलीत झोपताना मी पाठ भिंतीला लावते. ऐकू येत नसलेल्या माणसाला एक सवय लागते, मान वळवून बघायची. मी चार महिन्यांत ती सोडली होती. परत लागली आहे.

काल गॅसवर दूध दोनदा तापवलेलं निघालं, साय दोन थरांची.

माझ्यावर विश्वास आहे तेवढा राहू दे. बाकी काही मागत नाही.

तुझी
ताई


दि. ८ ऑगस्ट (जलद टपालाने)

ती. ताईस,
नमस्कार.

हे पत्र वाचून झालं की पर्स घे, चपला घाल आणि शेजारच्या शिंप्याकडे जाऊन बस. सामान घेऊ नकोस. त्याला सोबत घेऊन पोलिसांना सांग. मला येता येत नाही याचा आज पहिल्यांदा खरोखर राग येतोय.

मी सगळं इथल्या रिकाम्या खोलीशी ताडून पाहिलं. तुझ्या बंद खोलीत रोज जास्तीचं पाणी येतंय ते जवळपास एक लिटर. एक माणूस दिवसभर नुसता बसून किंवा झोपून राहिला तरी त्याच्या श्वासातून आणि घामातून साधारण तेवढंच पाणी हवेत जातं. भिंतीतली ओल घड्याळ बघत नाही, ताई. दुपारी बारा ते एक ती ओल थांबते. कोणीतरी त्या वेळी उठून जेवायला जातं.

तुझं छत फळ्यांचं आहे. फळ्यांना फटी असतात.

तू काही विसरली नाहीस. मी तुला डॉक्टरकडे पाठवलं याची मला लाज वाटते. जा आता.

मापाड्या


दि. १३ ऑगस्ट

चि. मापाड्यास,
अ. उ. आ. वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी. शिंप्याकडे गेले नाही, हे नंतर. रागावणं पुरं झालं की पुढचं वाच.

तुझं पत्र सकाळी दहाला आलं. वाचलं आणि उभीच राहिले. मग वर बघितलं. चार महिने मी त्या फळ्यांखाली झोपत होते, कपडे बदलत होते, स्वतःशी बोलत होते. पण पर्स हातात घेतली आणि मनात आलं की ज्याने माझी टाकी ओतली त्याने ती पुसून परत नीट बसवली होती. चोर असं करत नाही. आणि पाव नेले ते दोनच. डब्यात सहा होते.

मग मी एक पुठ्ठा घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं की टाकी ओतल्याबद्दल आभार, आज बारा वाजता मी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून बसेन, मला ऐकू येत नाही, समोर यावं. तो अगस्तीवर उभा केला. बाराला दोन ताटल्या मांडल्या, टेबलावर दोन्ही तळवे पालथे ठेवले आणि डोळे मिटले. डोळे उघडे ठेवायचा धीर नव्हता. माझे कान गेले, पण लाकडावर हात असला की मला पुष्कळ कळतं. पहिल्यांदा काहीच नाही. मग एक बारीक थरथर, थांबली. परत आली. मग समोरची खुर्ची सरकली.

मी डोळे उघडले तर समोर एक म्हातारी बाई. हडकुळी, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. आणि त्यांनी सगळ्यात आधी मागितलं काय, तर ती शिट्टी बंद ठेवायची काही सोय आहे का. टाकी भरल्यावर ती दर मिनिटाला वाजते. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी सोसलं आणि मग खाली येऊन टाकी ओतली. अहवालात घाल, शिट्टी असह्य आहे आणि ती बंद करायचं बटण नाही.

त्या घरमालकीण आहेत. शाळेत व्यायाम शिकवायच्या, म्हणून अडुसष्टाव्या वर्षीही न्हाणीघराच्या कट्ट्यावर चढून वरच्या झडपेतून माळ्यावर जातात. ती झडप मी कधी मान वर करून पाहिलीच नव्हती. पुतण्याने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं होतं. तिथून त्या एक दिवस सरळ चालत बाहेर पडल्या आणि जुन्या किल्लीने आपल्या घरी आल्या. आठ दिवसांनी पुतण्या मला आणि माझ्या सामानाला घेऊन दारात उभा. त्या वर गेल्या आणि मग खाली कसं यावं हे त्यांना कळेना. रोज वाटे उद्या सांगू. सगळ्या गावात त्यांचा शोध झाला, त्यांच्या स्वतःच्या घरात सोडून.

पुतण्याला बोलावलं. त्या हरवल्याचं त्याने माझ्यापासून लपवलं होतं. तो रडला, मग आपण जिन्याला कुलूप का घातलं याची कारणं सांगत बसला, मग परत रडला. बाई त्याला म्हणाल्या की खांदे मागे घेऊन उभा राहा. घर त्यांचं आहे, तेव्हा त्या इथेच राहतील, खाली, आणि मी भाडेकरू म्हणून राहीन असं ठरलं आहे.

आता माझ्या कामाची गोष्ट. संध्याकाळी मी त्यांना सगळी यादी वाचून दाखवली. किल्ली, हाडाची पट्टी, उलटे फर्मे, दोनदा तापलेलं दूध. एकेक विचारलं, हे तुम्ही का, हे तुम्ही का. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि प्रत्येकाला मान हलवली. अंधारात हात लागून पडलं, उचलताना चुकीच्या जागी ठेवलं, असं म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर रडले, मापाड्या. आई गेल्यापासून रडले नव्हते. प्रत्येक गोष्टीमागे कोणाचा तरी हात होता. मी विसरत नाहीये.

यंत्राबद्दल शेवटचं मत: काम उत्तम, हँडल वाईट, शिट्टी दुष्ट, वीज बेताची, आणि खोटं बोलत नाही. ते परत मागू नकोस.

पायाचं प्लॅस्टर निघालं की या दोघं. तोवर तुमच्याकडची माया टपालाने येत राहू दे.

तुझी
ताई


दि. २ सप्टेंबर

श्री. भाऊंस,
सा. न. वि. वि.

आपली भेट नाही. मी तुमच्या ताईंच्या वर राहत होते, आता शेजारच्या खाटेवर राहते. तुमचा पत्ता त्यांच्या लिफाफ्यावरून घेतला. हे पत्र मी लिहिलं असं त्यांना सांगू नये. चार महिने लपून राहिलेली बाई परत लपवाछपवी करते आहे असं तुम्हाला वाटेल, पण मला दुसरा मार्ग दिसत नाही.

त्यांनी मला यादी वाचून दाखवली तेव्हा मी सगळ्याला हो म्हटलं. मी टाकी ओतली, एकदाच. पाव, उकडलेले बटाटे, उरलेला भात घेतला, तोही थोडा. बाकी काही मी केलेलं नाही. किल्लीला मी हात लावला नाही. त्यांच्या कामाच्या खोलीत तर मी कधी पाऊलच ठेवलं नव्हतं, तिथली खिडकी रस्त्यावर उघडते. पण यादी वाचताना त्यांचा कागद हातात थरथरत होता. मी मान हलवत गेले तशी ती थरथर कमी होत गेली. मला थांबता आलं नाही.

अजून एक गोष्ट आहे. तुम्ही सगळे मला विचारता की मी इतके दिवस खाली का आले नाही. मी लाजेचं कारण सांगते, आणि ते खोटं नाही. पण मी घाबरले होते. वर असताना मला वाटायचं, खाली दोघीजणी राहतात. रोज दुपारी चारनंतर ताई बोलायच्या. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज मोठा, फळ्यांतून शब्दन् शब्द यायचा. आई, सुई सापडली का. आई, आज ऊन आहे. मग थांबायच्या, माणूस उत्तराला थांबतो तेवढा वेळ, आणि मग त्या उत्तरावर बोलायच्या. हसायच्यासुद्धा. मी समजले की दुसरी बाई फार हळू बोलते. मी तिच्या पावलांची वाट बघायची, म्हणजे दोघी कुठे आहेत ते कळून मला स्वयंपाकघरात उतरता येईल. तिची पावलं कधी वाजली नाहीत.

टाकी ओतायला उतरले त्या दिवशी, ताई राहायला आल्यापासून पहिल्यांदा, मी झोपायची खोली पाहिली. ताई गावाला गेल्या होत्या आणि दुसरी घरात असेल म्हणून मी हात जोडूनच दारात गेले, सापडले तर पाया पडेन म्हणून. खोलीत एकच खाट होती. एकच उशी, एकच जोडी चपला. मी वर जाऊन झडप लावून घेतली आणि तीन दिवस पाण्यावर काढले. तुमच्या ताई मला भ्यायल्या, हे त्या सांगतात. मी त्यांच्याहून जास्त भ्याले होते.

मी शाळेत पस्तीस वर्षं काढली आहेत, मुलींची हजेरी घेतली आहे. मनाचे खेळ आणि खरं यातला फरक मला कळतो असं मी समजते. म्हणून तुमच्या यंत्राचं पाणी मी हल्ली रोज मोजते. ताई घरी असतात, मी असते, आकडा दोन माणसांचाच येतो. तिसऱ्याचा एक थेंबही नाही. हे तुम्हाला कळवलं म्हणजे मला बरं वाटेल असं वाटलं होतं.

त्यांचं काम अजून चोख आहे. मी फर्मे क्रमाने लावून हाताशी ठेवते, त्यांच्या लक्षात येत नाही. गॅस मी बघते. त्यांना एकटं सोडणार नाही, हा शब्द देते. पण पाय बरा झाला की तुम्ही यावं, आणि नुसतं भेटायला आल्यासारखं यावं.

ओळख नसताना एवढं लिहिलं, ते पोटात घालावं आणि माझ्यावरही थोडा लोभ धरावा.

आपली
बाई

ता. क. पत्र बंद करत होते, पण हे राहायला नको. काल चार वाजता ताईंनी चहाचे तीन कप मांडले. मी माझ्या रोजच्या खुर्चीवर बसायला गेले, तर त्यांनी हळूच माझा हात धरला आणि म्हणाल्या की बाई, तुम्ही पलीकडे बसा.